वाळवणघराचा अडसर

देसांकाने लाकडी अडसर उचलला आणि दोन्ही खोबणींत ठोकून बसवला. मग हात झटकून तिने दाराला कान लावला. आत तिचा थोरला दीर रादिसाव खोकत होता.

"बसला का नीट?" त्याने आतून विचारलं.

"बसला, भावोजी."

"मी वाट्टेल ते ओरडलो तरी पाच दिवस उघडायचं नाही. मेणबत्तीवर हात ठेवून शब्द दिलायस."

"दिलाय."

"म्हणून तर बायकोला, रुझाला, माहेरी धाडलं. ती संध्याकाळीच सूप घेऊन दार उघडून बसली असती. तुझं काळीज आता दगडाचं झालंय. मला तेच हवंय."

ही खोली आलुबुखारे वाळवायची. हंगाम संपला की ती रिकामी होते आणि गावात कुणाला दारू सोडायची असेल तर तो इथे बसतो. एक घोंगडी, पाण्याचा घडा, कोरडा पाव. डॉक्टर नाही, गोळी नाही. गोळी घेऊन सोडली तर ती सोडलीच नाही, असं इथले पुरुष मानतात. रादिसावला घाई होती, कारण संत निकोलाचा दिवस आठवड्यावर आला होता. हा त्यांच्या घराण्याचा सण. त्या दिवशी घरचा कर्ता मेणबत्ती पेटवतो आणि पाहुणे जाईपर्यंत खाली बसत नाही. गेल्या वर्षी रादिसावचा हात इतका थरथरला की काडी वातीला लागेना. शेवटी पाहुण्यांदेखत दुसऱ्याने मनगट धरलं. तो मेला असता तर परवडलं असतं, पण हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

तीन वर्षांपूर्वी याच खोलीत देसांकाचा नवरा तिहो बसला होता. अडसर रादिसावने घातला होता. धाकटा भाऊ आत भिंतीवर डोकं आपटत होता आणि देसांका दोनदा दिराच्या पाया पडली होती. "ओरडू दे," तो म्हणाला होता, "दारू बाहेर पडतेय." तिसऱ्या दिवशी आतला आवाज थांबला, तेव्हा रादिसावने समाधानाने छातीवर क्रुसाची खूण केली. "झोपला बघ," म्हणाला.

तिहोचं प्रेत शहरातल्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला व्हरांड्यात गाठून सांगितलं होतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याने एकदम सोडली की झटके येतात, भास होतात, हृदय थांबतं. आणलं असतं तर औषधं देऊन सांभाळलं असतं. वाचला असता. देसांकाने हे कुणालाच सांगितलं नाही. आणि मयताच्या जेवणाला रादिसाव पाव मोडत म्हणाला, "तिहो लहानपणापासूनच लेचापेचा. मी असतो तर काढले असते पाच दिवस." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या घासाचा राग तिच्या घशात तीन वर्षं अडकून होता.

म्हणून रादिसावने अडसर घालायला तिलाच बोलावलं तेव्हा तिला आनंद झाला. लपवण्यात काय अर्थ आहे, आनंदच झाला.

पहिल्या दिवशी तो गाणी म्हणत होता. दुसऱ्या दिवशी शिव्या सुरू झाल्या. देसांका दारासमोर ओंडक्यावर बसून सणाच्या केकसाठी अक्रोड फोडत होती.

"देसांका, उघड! पोटातलं सगळं उलटतंय. हात बघ माझे!"

"ओरडा, भावोजी," ती म्हणाली. "दारू बाहेर पडतेय."

शेजारीण कुंपणापाशी थांबली. "बसलाय का?"

"बसलाय."

"हा टिकेल हो. तुझ्या तिहोसारखा नाही."

देसांकाने पुढचा अक्रोड इतक्या जोराने फोडला की गराचा भुगा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रादिसाव कुणाशी तरी बोलत होता. आवाज हळू होता, लाडीगोडीचा. देसांकाने हातोडी खाली ठेवली.

"ठोकू नकोस रे, तिहो. ऐकतोय मी. तेव्हाही ऐकत होतो. तू तिलाच हाका मारत होतास. देसांका, दार. देसांका, दार. तिला मी मुद्दाम गिरणीवर धाडलं होतं. इथे असती तर तिने उघडलं असतं ना..."

त्या सकाळची पिठाची गोणी देसांकाला आठवली. ती गोणी घेऊन चढ चढून आली, तेव्हा सगळं शांत झालं होतं.

आत काहीतरी जड पडलं. टाचा फरशीवर आपटत राहिल्या आणि मग तेही थांबलं.

झोपला बघ. हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. ती तशीच बसून राहिली असती तर कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. तिने दिलेला शब्द पाळला, असंच गाव म्हणालं असतं. देवाची मर्जी म्हणून रादिसावच्या मयताच्या जेवणालाही पाव मोडला असता, आणि तो स्वतः काही न कळता सुटून गेला असता.

सुटून. हे तिच्या ध्यानात आलं आणि ती उठली.

अडसर फुगून घट्ट बसला होता. तो तिने हातोडीने उडवला. रादिसाव निळा पडला होता, दातांत जीभ अडकून रक्त आलं होतं. तिने त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं आणि फोन करून रुग्णवाहिका बोलावली.

सणाच्या आदल्या दिवशी तो दवाखान्यात शुद्धीत आला. डॉक्टर त्याच होत्या, केस तेवढे पिकले होते.

"दार कुणी उघडलं?" त्यांनी विचारलं.

"मी," देसांका म्हणाली.

"थोडा उशीर झाला असता तर हातात काही उरलं नसतं."

रादिसावने मान वळवली. "मेणबत्तीवरचा शब्द मोडलास तू."

"मोडला." तिने हात मांडीवर ठेवले. "डॉक्टर, तीन वर्षांपूर्वी व्हरांड्यात तुम्ही मला काही सांगितलं होतं. ते यांना सांगा. हे तिहोचे भाऊ. तेव्हा अडसर यांनी घातला होता."

डॉक्टरांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग त्यांनी सांगितलं. तेच झटके, तेच भास, तीच औषधं.

"तुम्हाला आणलं तसं तिसऱ्या दिवशी सकाळी त्यालाही आणलं असतं," शेवटी त्या म्हणाल्या, "तर बहुधा वाचला असता. दार उघडायचं होतं, एवढंच."

रादिसावने डोळे मिटले.

"झोपले वाटतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

देसांकाने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"नाही, जागे आहेत," ती म्हणाली. "पुन्हा एकदा सांगा. जरा सावकाश."