आंदणातली सायकल

अंगठ्याच्या नखाखाली तो तुकडा येतो आणि निसटतो — हँडलचा दांडा जिथे आत शिरतो तिथे चिकटून राहिलेला प्लास्टिकचा तुकडा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, एके काळी पारदर्शक असणार, आता पिवळा, कडक. मिस्त्रीनं रॉकेल लावून घासलं, नवऱ्यानं, संगमेशनं, ब्लेड चालवलं, बाकीचं सगळं निघालं, हा राहिला. शिवम्माला तो काढायचाही आहे आणि नाहीही. भोंग्यावरून कुणीतरी ओरडतंय, सगळे रेषेच्या मागे या, सेल्फी नंतर काढा — आणि ती वाकून नख घालतेय, वाकल्यावर गळ्यातली लिंगाची चांदीची डबी टी-शर्टाच्या आतून छातीच्या हाडावर टकटक वाजतेय.

नांदेडच्या या मैदानावर जानेवारीच्या गारठ्यात सत्तर-ऐंशी सायकली उभ्या आहेत. एका बोटानं उचलता येतील अशा, हरणाच्या पायांसारख्या चाकांच्या. त्यांच्यावर डॉक्टर, वकील, बांधकामवाले, अंगाला चिकटलेल्या चमकत्या कपड्यांत. नांदेड ते लातूर, एकशे चाळीस किलोमीटर, खेड्यातल्या मुलींना शाळेला जायला सायकली देण्यासाठी. टी-शर्टाच्या पाठीवर छापलंय, ‘तिच्या पंखांना चाकं’. पंख असते तर चाकं कशाला लागली असती, हे छापणाऱ्याला कुणी विचारलं नसेल. विचारायची पद्धत नाही. चांगलं काम चाललंय ना, मग गप बसायचं.

पोटावरच्या पट्ट्याच्या खिशात एक कागद आहे. त्याची घडी चालताना, बसताना, श्वास घेतानासुद्धा टोचते.

कागद भागवत सरांनी दिला. सर हाडांचे डॉक्टर, त्यांच्या दवाखान्यात ती नऊ वर्षं नर्स आहे, आणि सायकल क्लब त्यांचाच. सहा महिन्यांपूर्वी चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारलं होतं, “सिस्टर, तुम्हालाही लहानपणी मिळाली होती ना अशी सायकल?” ती “हो” म्हणाली. एवढंच. मिळालीच होती. आठवीत, कुठल्याशा ट्रस्टकडून, फोटोसकट. पुढचं सगळं सरांनीच लिहिलं — ‘त्या सायकलीने माझे आयुष्य बदलले. त्या सायकलीवरून मी शाळेत गेले, म्हणून आज तुमच्यासमोर परिचारिका म्हणून उभी आहे.’ लातूरला कार्यक्रम, वीस मुलींना सायकली, आणि त्याआधी स्टेजवर सिस्टर, दोन मिनिटं. देणाऱ्याला एक गोष्ट लागते, ती तयार नसली तर तो स्वतःच शिवून घेतो, माप न घेता. सर वाईट नाहीत. राग त्याचाच येतो, की वाईट नाहीत.

“तुम्ही आष्टामोडपासून चालवा, शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर. तोवर गाडीत बसा. फोटोपुरतं तेवढं बास.”

“न्हाई सर. नांदेडपासून.”

तोंडातून ते ‘न्हाई’ गावचं निघालं होतं. दवाखान्यात ती ‘नाही’ म्हणते.

शिटी वाजते. सगळे सुटतात. ती सर्वांत शेवटी, तिची लाल रंगाची, बिनगिअरची लेडीज सायकल, मागं कॅरियर, पुढं घंटी. पूल, खाली गोदावरीवर धुकं, मग सिडको, मग मोकळा रस्ता. पहिल्या दहा मिनिटांतच ती चमकती माणसं ठिपके होतात. होऊ देत. त्यांना कुणी विचारणार नाही, तुम्ही खोटं बोलणार का म्हणून.

कारण खरं असं आहे — आणि हे तिनं दवाखान्यात कुणालाच सांगितलेलं नाही — की ती सायकल वीस वर्षं जमिनीला लागली नव्हती.

अप्पांनी ती आढ्याला टांगली होती. नायगावहून, जिथे फोटो काढला तिथून, गुंडप्पांनी, म्हणजे तिच्या अप्पांनी, ती खांद्यावर घालून आणली, पाच किलोमीटर, चाकाला धूळ लागू नये म्हणून. घरी आल्यावर अव्वाला, म्हणजे आईला, म्हणाले, कासरा दे. पुढच्या चाकाला एक, मागच्याला एक, आणि सायकल वर. प्लास्टिकसकट. “पोरीच्या लग्नात आंदणात जाईल,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा… त्यांचा चेहरा मला अजून नीट रागावू देत नाही. इतका खूष होता तो माणूस. पलंग, कपाट, भांडी तर सगळेच देतात. आपण लेकीला सायकल देणार, कोरी, कंपनीतून आल्यासारखी. वापरली तर जुनी होईल. मुलगी वापरून जुनी झाली तर चालते, सायकल होता कामा नये!

तीन वर्षं ती त्या सायकलीखाली बसून अभ्यास करायची आणि सकाळी उठून पाच किलोमीटर चालत शाळेला जायची. चपलेचा पट्टा तुटला की अनवाणी. उन्हाळ्यात डांबर मऊ व्हायचं. घरात कुणी नसलं की ती ज्वारीच्या पोत्यावर चढायची आणि हात वर करून पायडल फिरवायची. वर अंधारात मागचं चाक सूं सूं फिरायचं, वारा यायचा तोंडावर, प्लास्टिक फडफडायचं. मी ती सायकल हातानं चालवलीय. पोत्यावर उभी राहून मी कुठं कुठं गेलेय, ते सरांच्या कागदावर नाही.

सोनखेड मागं पडतं. सूर्य डाव्या खांद्यावर येतो. तुरीची काढणी चाललीय, पेंढ्या डोक्यावर घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेनं ओळीनं निघाल्यात. त्यातली एक म्हातारी थांबते.

“कुठं निघालीस गं?”

“लातूरला, मावशी.”

“का? बस बंद हाय का आज?”

शिवम्माला इतकं हसू येतं की हँडल डुगडुगतं. मागं वळून ओरडते, “पोरींना सायकली द्यायच्यात, त्यासाठी!”

“मग ही देऊन टाक की, आन् तू बसनं जा!” म्हातारी म्हणते आणि बाकीच्या बाया पेंढ्यांखाली हसतात.

लोह्यापर्यंत ते हसू पुरतं.

चालवायला ती शिकली ती गेल्याच पावसाळ्यात. तेहेतीस वर्षांची बाई, दहा वर्षांचं लग्न, आणि सायकल येत नाही! लग्नात आंदण म्हणून टेम्पोतून सायकल आली तेव्हा संगमेशचा एक काका मांडवातच म्हणाला होता, “मोटारसायकल विसरली काय व्याह्यानं? अर्धीच आली!” सगळे हसले, अप्पाही हसले, हसताना त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग ती सायकल सासरी माळ्यावर गेली. एका छपरातून दुसऱ्या छपरात. कागद हातात पडला त्या दिवशी शिवम्मा घरी आली आणि माळ्याला शिडी लावली. टायर बिस्किटासारखे तुटले.

दवाखान्यामागच्या मैदानात, पहाटे, कुणी बघू नये म्हणून. संगमेश कॅरियर धरून मागं पळायचा, बनियनवर, धापा टाकत.

“समोर बघ! चाकाकडं काय बघायलीस, ते कुठं पळून जात न्हाई!”

“अहो, सोडू नका!”

“न्हाई सोडलं, धरून राहिलो की!”

आणि आवाज लांबून आला. त्यानं कधीच सोडलं होतं. ती तशीच तारेच्या कुंपणात गेली, कोपर फाटलं, आणि चिखलात बसून ती रडली — पडल्यामुळे नव्हे. इतकं सोपं होतं म्हणून. इतकं सोपं होतं, आणि वीस वर्षं!

माळाकोळीच्या पुढं चढ लागतो आणि समोरून वारा. मांड्या दगड होतात. ती उतरून ढकलत चालते, आणि चालताना तिला कळतं की आपण पुन्हा चालतोच आहोत, सायकल शेजारी. मग पुन्हा बसते. भाषण तिनं केव्हाच ठरवलंय. कागद फाडायचा आणि सांगायचं, तुम्ही सायकली वाटता आणि फोटो घेऊन निघून जाता, मागं त्या कुणाच्या आढ्याला लटकतात ते बघायला एक जण येत नाही. आणि बापहो, तुम्ही, तुमच्या लेकी म्हणजे कपाटात ठेवायची भांडी आहेत का? हे वाक्य तिनं इतक्या वेळा घोटलंय की त्याला धार आलीय. प्रत्येक पायडलला ते एकदा फिरतं. भांडी आहेत का. भांडी आहेत का.

अहमदपूरला केळी आणि पाणी. फोन वाजतो.

“शिवू, मी निघालो बघ. बस भेटली. खिडकीची जागा हाय.”

“कुठं निघालात अप्पा?”

“लातूरला! जावईबापूंनी सांगितलं, तुझं भाषण हाय म्हणं. मोठे लोक येणार म्हणं. आन् आपल्याच सायकलीवर बोलणार तू?” मागं बसची घरघर, आणि त्यातून तो आवाज, सत्तरीचा, लग्नातल्यासारखा खूष. “मी म्हणलो होतो का न्हाई तुझ्या अव्वाला, जपून ठिवा. कामाला आली का न्हाई?”

ती केळं सोलायला घेते.

“दम खात ये. पाणी पी.”

केळं हातात तसंच राहतं. म्हणजे पहिल्या रांगेत अप्पा. धुतलेला सदरा, टोपी. आणि मी माइकवर. कागद वाचला तर अप्पा खूष, सर खूष, आणि संध्याकाळपर्यंत वीस सायकलींतल्या निम्म्या तरी वर चढणार. खरं बोलले तर चारशे माणसांत एक म्हातारा टोपी काढेल आणि पुन्हा घालेल. मधला रस्ता नाही. सायकलीला असतो — थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं करत तोल धरता येतो. जिभेला ते जमत नाही… निदान मला जमलेलं नाही. मी एक तर गप बसलेय, नाही तर तोडून टाकलंय.

चाकूरकडे उसाच्या ट्रॉल्या ढकलून देतील इतक्या जवळून जातात. पाय आता तिचे राहिलेले नाहीत, ते आपापले फिरतात. आणि या थकव्यात एक विचित्र गोष्ट होते. ती वाक्य आठवू बघते, ते धारदार, भांड्यांचं, आणि ते येत नाही. त्याऐवजी येतो एक खांदा. नायगावच्या रस्त्यावर, पुढं चालणारा अप्पांचा खांदा, त्यावर सायकल, दांडीखाली सदरा चुरगळलेला, मान एका बाजूला वाकलेली. पाच किलोमीटर. ती मागून चालत होती आणि म्हणाली होती, अप्पा, ढकलत नेऊ की. आणि ते म्हणाले होते… काय म्हणाले होते? काहीच नाही. त्यांना सायकल येत नव्हती. हे तिला आजच, आत्ताच, आष्टामोडच्या अलीकडे सुचतंय — त्या माणसाला सायकल ढकलणंही येत नसेल. आयुष्यात हातात आली नव्हती. ज्या वस्तूचं काय करायचं माहीत नाही, ती देवासारखी वर ठेवायची. बस. तेवढ्यानं राग जात नाही. तीन वर्षं डांबर माझ्याच पायाला चिकटलंय. पण रागाच्या शेजारी आता ती वाकलेली मान येऊन बसलीय, आणि दोघं एकमेकांना उठवत नाहीत.

आष्टामोडला भागवत सर गाडीला टेकून उभे आहेत. कॅमेरावालाही. “अरे, सिस्टर! खरंच?” सर टाळ्या वाजवतात, मनापासून. ती थांबत नाही. थांबली तर पुन्हा बसता येणार नाही.

लातूर. शाळेचं मैदान, मांडव, साडेचार वाजून गेलेले. स्टेजच्या बाजूला वीस नव्या सायकली एका ओळीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, आणि वेण्या घातलेल्या मुली त्यांच्यामागं उभ्या. फाटकाशी एक टेम्पो, दोर तयार. एक मुलगी, बिल्ल्यावर नाव सृष्टी, आपल्या सायकलीच्या सीटवरचं प्लास्टिक हळूच सोलतेय, आणि तिचा बाप म्हणतो, रागानं नव्हे, लाडानंच, “काढू नगं गं बाई, रंग जाईल.”

मुलगी हात मागं घेते.

शिवम्माचं नाव पुकारतात. पायऱ्या चढताना गुडघे आपोआप गोल फिरू बघतात. माइक. कागद हातात आहे, घामानं मऊ झालेला, अक्षरं पसरलेली. पहिल्या रांगेत अप्पांची खुर्ची… रिकामी. खुर्चीवर टोपी. म्हणजे आलेत. ती शोधते. मांडवाच्या कडेला, सायकलींच्या ओळीपाशी ते उभे आहेत, उघड्या डोक्यानं. तिची सायकल संगमेशनं तिथंच आणून टेकवलीय, धुळीनं भरलेली, चाकावर एकशे चाळीस किलोमीटर. तिच्या शेजारची नवी, सृष्टीची. अप्पा एकीकडं बघतात, मग दुसरीकडं. मग वाकतात. तिच्या हँडलच्या बुडाशी अंगठ्याचं नख घालतात, त्या पिवळ्या तुकड्याखाली. जपायला की काढायला, इथून दिसत नाही. निघतोय का, तेही दिसत नाही.

भोंग्यात वारा भरतो. चारशे माणसं थांबलीत. सर खालून खूण करतात, दोन मिनिटं.

“मला सायकल येत नव्हती,” शिवम्मा म्हणते. “माझ्या अप्पांनाही.”

कुणीतरी हसतं, मग थांबतं. अप्पा मान वर करतात, अंगठा अजून तिथंच. पुढचं वाक्य तिच्याकडं नाही, घोटलेलं नाही, कागदावर नाही. मागून कॅरियर कुणी धरलंय की कधीच सोडलंय, कळत नाही. आणि भीती वाटत नाहीये, याचंच तिला नवल वाटतं. स्टेजच्या फळीवर उभे असलेले पाय आतल्या आत अजून फिरत आहेत.