टेबलफॅनसमोर पास

"अक्कल गहाण ठेवलीस का?" मी आनंदावर ओरडले.

आनंदा माझा भागीदार. कळव्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही बिल्डिंगच्या कॉलमचे हिशोब करून देतो. त्याने कॉम्प्युटरच्या मेमरीचा वेग वाढवलेला. तासाचं काम पाऊण तासात व्हायला लागलं म्हणून गेली दोन वर्षं तो खुशीत होता.

"अगं, अख्खा रविवार टेस्ट चालवलेली. एक चूक नाही."

"कशी चालवलेली?"

"झाकण उघडून, समोर टेबलफॅन लावून."

आणि रोजचं काम? झाकण बंद, वर धूळ बसू नये म्हणून त्याच्या आईने शिवलेलं जाड कापडी कव्हर. तेही मे महिन्यातसुद्धा! वेग वाढवलेली मेमरी तापली की गुपचूप आकडे चुकवते.

मी वेग पुन्हा कमी केला, कव्हर काढून फेकलं आणि दिवा स्टेशनजवळच्या बिल्डिंगचा हिशोब नव्याने चालवला. तळमजल्याच्या कॉलमला आम्ही दिलेल्याच्या दीडपट सळ्या हव्या होत्या.

आनंदाचा चेहरा उतरला. त्या बिल्डिंगीत माणसं राहायला आलेली.

तेवढ्यात फोन वाजला. त्याच बिल्डिंगचे बिल्डर, गुणाजी भोईर.

"मॅडम, आयलं एकदाचं पानी! पेढे खायला या. गच्चीवरची टाकी आज पयल्यांदाच काठोकाठ भरतेय."