न्यूरोगुरूची टोपी

समाजमंदिराच्या दारात चपलांचा ढीग पडला होता आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. आगरदांड्याच्या अलीकडच्या त्या गावात ग्रामसभेला वीस माणसं जमली तरी मोठी गोष्ट. पण 'मेंदूच्या करंटने साखर गायब, पाच दिवसांचं शिबिर' हे पत्रक फिरलं आणि खाडीपलीकडून फेरीबोटीने लोक आले.

पुढे खुर्चीवर एकेक जण बसत होता. डोक्यावर पोहणाऱ्यांची असते तशी निळी टोपी, तिला वायरी, वायरींच्या टोकाला ओले स्पंज आणि बाजूला हिरवा दिवा लुकलुकणारा काळा डबा. आधी बोट टोचून साखर मोजायची, मग वीस मिनिटं टोपी, मग पुन्हा मोजायची. दोनशे चाळीसची एकशे दहा व्हायची आणि सगळं समाजमंदिर टाळ्या वाजवायचं. रावजीला उभ्या जन्मात मधुमेह नव्हता. त्याची साखर दोनशे पंचावन्न निघाली आणि वीस मिनिटांत अठ्ठ्याण्णव झाली. रोग आहे हे कळलं तेव्हाच तो गेलाही, म्हणून रावजी दिवसभर गावभर सांगत फिरला.

टोपीचा मालक स्वतःला न्यूरोगुरू विनेश म्हणवून घेई. अंगात डॉक्टरी कोट आणि कोटावर रुद्राक्षाची माळ. एकाच पोशाखात दोन्ही तऱ्हेची गिऱ्हाइकं. "ब्रेन म्हणजे शेठ, पॅन्क्रियाज म्हणजे नोकर," तो माइकवर सांगे. "इन्सुलिन टोचणं म्हणजे नोकराला मारणं. मी डायरेक्ट शेठला फोन लावतो." लोक माना डोलवत. जो कळला नाही तो शब्द मोठाच असणार, असा सगळ्यांचा हिशेब.

गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नूतन सिस्टरने ते पत्रक पहिल्याच दिवशी वाचलं होतं. हसून तिने ते ड्रॉवरमध्ये टाकलं. शिबिर सरपंच अंबाजींनी आणलेलं, त्यांच्याशी कुठे वाकडं घ्या. पाच दिवसांत गाशा गुंडाळून जाईल, असं तिने मनाशी म्हटलं. ते हसणं तिला चौथ्या दिवशी सकाळी फार महागात पडलं.

गावातल्याच कोकिळाची मुलगी प्राप्ती सतरा वर्षांची. नऊ वर्षांची असल्यापासून तिला रोज इन्सुलिन लागे, कारण तिच्या शरीरात ते बनतच नव्हतं. निरोप आला म्हणून नूतन तिच्या घरी पोचली तेव्हा पोरगी रात्रभर उलट्या करून निपचित पडली होती. श्वास खोल आणि भरभर चालला होता, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. नूतनने तिचा हात साबणाने धुऊन पुसला आणि बोट टोचलं. चारशे ऐंशी.

इन्सुलिन कधी दिलंस, म्हणून तिने विचारलं. कोकिळाने पोरीच्या अंगावर गोधडी ओढली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी टोपी घातली तवा तीनशे दहाची एकशे पस्तीस झाली व्हती ताई. माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी सांगितलं, आता सुई बंद."

एकशे पस्तीस होतीच. शिबिराच्या त्या पहिल्या सकाळी कोकिळानेच दिलेल्या इंजेक्शनने ती तशी ठेवली होती. पण मग आधीचे तीनशे दहा कुठून आले, ते नूतनला कळेना. अ‍ॅम्ब्युलन्स प्राप्तीला घेऊन अलिबागकडे गेली. नूतनने उपकेंद्रात येऊन हात धुतले, स्वतःचं बोट टोचलं, ब्याण्णव हा आकडा वहीत लिहिला आणि ती तडक समाजमंदिरात जाऊन रांगेत उभी राहिली.

दाराशी गुरूच्या मदतनिसाने प्रसाद दिला. मधात कालवलेलं पिकलं केळं, थेट तळहातावर. चमचा नाही, द्रोण नाही. तिने तो खाल्ला तोच दुसऱ्याने तिचं बोट धरलं. स्पिरिटने पुसायचं नाही, केमिकलने पेशी मरतात, असं गुरूचं शास्त्र. दोनशे अडुसष्ट.

"सिस्टरच डायबेटिक निघाली," विनेश माइकवर म्हणाला. समाजमंदिर हसलं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर नूतनलाही तो आकडा खरा वाटला. आकडा समोर दिसतो तेव्हा शहाणीसुरती माणसंही घाबरतात. मग तिचं लक्ष बोटाकडे गेलं. बोट चिकट होतं.

तिने बाजूच्या खुर्चीत बसून पुढचं नीट पाहिलं. तिच्या आधीच्या, टोपी काढून झालेल्या बाईला गुरूने 'चार्ज केलेल्या' पाण्याने दोन्ही हात धुवायला लावले, स्वच्छ रुमाल दिला, मग बोट टोचलं.

नूतन उठली. बाहेरच्या नळावर जाऊन तिने साबणाने हात धुतले, पुसले आणि परत येऊन त्याच यंत्रावर तेच बोट पुढे केलं. मदतनीस गुरूकडे बघू लागला. पुढच्या रांगेत बसलेले सरपंच अंबाजी म्हणाले, मोज की. सत्त्याण्णव.

"टोपी न घालता," नूतन म्हणाली. "आता घालून बघू."

तिने स्वतःच टोपी चढवली. हिरवा दिवा लागला. तिने प्रसादाचं पातेलं मागवून बोट केळ्यात बुडवलं, पुसल्यासारखं केलं आणि टोचून घेतलं. यंत्राने आकडा दिलाच नाही, साखर मापाबाहेर गेली की येतात ती इंग्रजीतली दोनच अक्षरं दाखवली. रावजीने पुढे वाकून ती वाचली.

"हाय म्हणतंय," तो म्हणाला. "म्हंजे साखर हाय."

"हाय," नूतन म्हणाली. "पण रक्तात न्हाय, बोटावर हाय."

विनेश निगेटिव्ह एनर्जीबद्दल काही सांगू लागला; पण आता प्रत्येक जण आपापला तळहात निरखत होता. तीन दिवस सगळ्यांनी डोक्याकडे पाहिलं आणि लबाडी बोटावर चालली होती. नूतनने माइक घेतला. मेंदूला बारीक करंट दिला तर निरोगी माणसाच्या साखरेवर काही फरक पडतो का, यावर शास्त्रज्ञ खरोखर प्रयोग करतात, तिने सांगितलं. पण ते हात धुऊन मोजतात, करंट न देताही मोजतात, आणि कुणाचं इन्सुलिन बंद करत नाहीत. मग तिने प्राप्तीचं काय झालं ते सांगितलं. सरपंचांनी दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला. रावजी तेवढा नाराज झाला. त्याचा बरा झालेला रोग मुळात नव्हताच, हे त्याला पटायला आठवडा लागला.

प्राप्ती सहाव्या दिवशी दवाखान्यातून घरी आली, रोडावलेली, पण चालत. नूतन भेटायला गेली आणि पत्रक वाचूनही मी गप्प बसले, हे तिने कोकिळाला सांगून टाकलं. कोकिळाने नूतनच्या हातातल्या साखर मोजायच्या यंत्राकडे बोट केलं.

"त्यानंबी यंत्रावर आकडा दावला, तूबी यंत्रावरच दावतेस," ती म्हणाली. "मग मी इश्वास ठेवू कुणावर?"

"माझ्यावरही ठेवू नकोस," नूतन म्हणाली. "मोजताना विचार, हात धुतले का. आकडा खाली आला तर विचार, औषध न घेता आला का, टोपी न घालता आला असता का. दोनदा मोज. आणि जो विचारू देत नाही, त्याच्या दारातून परत फिर."

कोकिळा उठली. तिने प्राप्तीला मोरीवर नेलं, तिचे दोन्ही हात साबणाने धुतले, कोरडे केले, आणि यंत्र नूतनच्या हातातून घेऊन स्वतः मोजायला बसली.