रिकाम्या पोटाची वाटणी

दचकू नका, औषधांच्या फळीवरून मीच बोलतेय. मी ग्लुटाथायोनच्या साठ कॅप्सूल्सची बाटली. अंगावर सोनेरी लेबल, त्यावर 'अँटिऑक्सिडंट' अशी ठसठशीत अक्षरं. शेजारच्या खोकल्याच्या औषधाचा नुसता जळफळाट व्हायचा!

कारखान्यात यंत्राने पोटात साठ कॅप्सूल्स ओतल्या, झाकण घट्ट केलं आणि झाला माझा जन्म. त्या कुणाला किती लागू पडतात, ते मला कुणी सांगितलंच नाही. लेबलावर 'तजेला' छापलं होतं, त्याच तोऱ्यात मी दुकानात उभी राहिले.

एका लेकीने मला आईच्या वाढदिवसाला नेलं. आई शिवणकाम करणारी, दिवसभर मशीनवर वाकलेली.

"किती दमतेस गं! रोज सकाळी रिकाम्या पोटी एक घ्यायची. विसरायचं नाही हं!"

आता आली का पंचाईत! आईची थायरॉइडची गोळीसुद्धा रिकाम्या पोटीच घ्यायची. कापड बेतावं तसा आईने विचार केला. पोट एक, ते रिकामं असतं सकाळी एकदाच. दोघींना जागा कुठून आणायची? गोळी तर डॉक्टरांनी दिलेली, मी लेकीने प्रेमाने आणलेली. झालं, गोळीला सुट्टी! कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही.

मी अशी फुगले म्हणता! पण महिना उलटला आणि माझाच जीव टांगणीला लागला. आईचा चेहरा सुजला, मशीनवर बसल्या बसल्या डोळे मिटायला लागले. लेक विचारायची, "बाटली घेतेस ना?" "घेते की!" मला ओरडून सांगावंसं वाटे, अगं बाई, त्या गोळीला परत बोलाव! पण बाटलीला कसलं आलंय तोंड?

एक दिवस आईने गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. लेक आधी खो खो हसली. मग तिने आईकडे नीट पाहिलं आणि तिला थेट डॉक्टरांकडे नेलं.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?"

आई ओशाळली. "हिने एवढ्या हौसेने बाटली आणली हो. पोट काय एकच आहे."

डॉक्टरांना हसू फुटलं, मग ते गंभीर झाले. "गोळी चुकवायची नाही. बाटलीवाचून तुमचं काही अडत नाही. नवीन काही घ्यायचं असेल तर आधी मला विचारा."

घरी आल्यावर लेक रडलीच. "अगं, मला सांगायचंस तरी!"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि तुला काही झालं असतं म्हणजे?"

आता आई बरी आहे. मी अर्धी रिकामी, धूळ खात पडलेय. रोज सकाळी लेक गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन येते. चहाला अर्धा तास थांबायचं असतं, म्हणून दोघी गप्पा मारत बसतात. काल आई म्हणाली, "हा अर्धा तास आधी दिला असतास, तर बाटली कशाला लागली असती गं?"

लेक पिशवी बाजूला ठेवून तिथेच बसून राहिली. काल तिची बस चुकली.

मला राग यायला हवा होता, पण आई माझ्या मनातलंच बोलली. तेव्हा मला कुणासाठी नेणार असाल तर आधी त्या माणसाला विचारा, सकाळी काय काय घेतोस? आणि उत्तर येईपर्यंत जरा बसा.