तारेची लांबी

कामरगावच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून आमच्या घरापर्यंत तार तीन हजार एकशे वीस मीटर आहे. संगणकावर उघडणाऱ्या राउटरच्या पानावर हा आकडा कुठे पाहायचा, ते बाबांनीच मला शिकवले. ते लाइनमन होते. "तार लांबत नाही अन् आखडत बी नाही, सपने," ते म्हणायचे, "आकडा हलला तं समजायचं, कोनीतरी तारेले हात लावला."

माघातल्या एका दुपारी लाइन गेली. दुसऱ्या दिवशी माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. मी बाबांना फोन केला आणि नको ते बोलले. गावाच्या लाइनी नीट करता, घरचीच तेवढी जड जाते.

"निघालोच," ते म्हणाले. "खांब खांब पाहत येतो."

ते एक्स्चेंजच्या दारातल्या पहिल्याच खांबाशी गतप्राण पडलेले सापडले. लाइन तपासायचा टेस्टचा फोन हातात होता, सायकल एक्स्चेंजच्या फाटकाला टेकलेली.

पुढे दुसऱ्या लाइनमनने लाइन सुरू करून दिली. मग टेलिफोन खात्याचे पत्र आले: तीस सप्टेंबरनंतर तांब्याच्या तारा कायमच्या बंद.

बारा मेला, बुद्धपौर्णिमेला, संध्याकाळी पावणेसातला राउटरचा हिरवा दिवा विझला, लुकलुकला, पुन्हा स्थिर झाला. बाबा एखाद्या खांबावरून तारेला टेस्टचा फोन चिमटवायचे, तेव्हा असेच व्हायचे. मी पान उघडले. तीन हजार ऐंशी. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, तीन हजार चाळीस.

दोन खांबांमधले अंतर चाळीस मीटर असते.

महिनाभर मी रोज पावणेसातला आकडा चाळीसने उतरताना पाहिला. मग मायला सांगितले. दुर्गाबाई म्हणजे माझी माय, तिने तांदूळ निवडणे थांबवले नाही.

"पायी येऊन राह्यले," ती म्हणाली. "सायकल तं फाटकापाशीच राह्यली होती."

"माय, असं नसतं."

"तुह्या बापानं कधी खांब सोडला का? एक बी नाही सोडला. म्हणून तं जेवाले रोज उशीर."

अठ्ठावीस जुलैला आकडा चाळीसवर होता. अंगणाच्या कोपऱ्यातला खांब तेवढ्याच अंतरावर आहे. मायने दाराशी पाण्याचा तांब्या ठेवला, पाट मांडला. मी राउटरचे पान उघडून बसले. त्यावर दोन बटणे होती: जोडा, तोडा.

पावणेसात. वारा नव्हता, तरी खांबावरून घरात येणारी तार हलली, जशी कुणी शिडी टेकवल्यावर हलते. कोनाड्यातला जुना फोन एकदाच, अर्धवट, वाजला. मला भीती त्यांची नव्हती. माझे शेवटचे शब्द ऐकलेला माणूस आता उंबऱ्यावर उभा राहणार होता, आणि माझ्याजवळ दुसरे शब्द नव्हते.

मी 'तोडा' दाबले.

तार निश्चल झाली. अंगणात एवढी शांतता उतरली की मायच्या बांगड्यांचा आवाज परका वाटला.

मी लगेच 'जोडा' दाबले. दिवा कितीतरी वेळ लुकलुकला, मग स्थिर झाला.

तीन हजार एकशे वीस.

माय संगणकाजवळ आलीच नाही. तिने तांब्या उचलला आणि पाणी सावकाश माठात परत ओतले.

"पुन्हा पहिल्या खांबापासून ना?" तिने विचारले.

मी मान डोलावली.

"येतील. त्याहिले सवय हाय."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. तीस सप्टेंबरपर्यंत चौसष्ट संध्याकाळी उरल्या होत्या. खांब अठ्ठ्याहत्तर.