वेलीवरचं पांढरं

घरात चांगल्या उजेडाची खिडकी एकच. तिथे सासूबाईंचा पांढऱ्या पट्ट्यांचा मनी प्लांट लोंबायचा. सून घरी बसून एका कंपनीचे हिशेब बघायची, आणि मीटिंगमध्ये तिचा चेहरा अंधारात दिसतो अशी साहेबांची कुरकुर होती. मग काय, खिडकीत कॉम्प्युटर आला आणि वेलीची उचलबांगडी होऊन ती फ्रिजवर, कोपऱ्यात गेली.

माती बोटाने चाचपून पाणी घालणं, ओल्या फडक्याने पानं पुसणं सासूबाईंनी तिथेही चालू ठेवलं. पण कोपऱ्यात उजेड कुठला? जुनी पानं पिवळी पडून गळाली, नवी आली ती हिरवीगार, बिनपट्ट्यांची. एका सकाळी त्यांनी विचारलं, "अगं, पांढरं आहे ना अजून?"

खरं सांगावं तर खिडकी हातची जाणार.

"आहे की आई, चांगलं ठसठशीत आहे," सून म्हणाली. स्क्रीनवरची नजरही तिने हलवली नाही. त्यानंतर त्या रोज विचारू लागल्या आणि ती रोज तेच ठोकून देऊ लागली. जिभेला काय, सवय लागते.

मग एकदा सासूबाई फोनवर कुणाला तरी सांगताना तिच्या कानावर पडलं. "डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे ना माझं. डॉक्टर म्हणाले होते, घरातलं काहीतरी बारीक रोज बघत जा, दिसेनासं झालं की समजा दुखणं वाढलं. मी पानांवरचे पट्टे बघायचे. सुनेला दिसतात, मला दिसत नाहीत. आता शिलाई मशीन देऊन टाकते. लोकांचे कपडे वाकडेतिकडे शिवण्यापेक्षा बरं."

आयुष्यभर ज्या मशीनवर या बाईने घर चालवलं, ते आपल्या थापेपायी जाणार. सुनेने तेव्हाच कॉम्प्युटर ओट्यावर नेला, वेल खिडकीत टांगली. तोंड मात्र उघडलं नाही. नव्या पानावर पट्टा उमटला की आपोआप मिटेल, अशी तिची वेडी आशा. आपण किती भित्र्या आहोत हे तिला त्या दिवसांत चांगलंच कळलं.

पट्ट्याआधी मशीन न्यायला शिवणक्लासवाली आली. मशीन दाराबाहेर निघालं तशी सून मध्ये आडवी झाली.

"आई, पट्टे खरंच नाहीत हो! अंधारात ठेवून मीच वेल हिरवी केली आणि तुमच्याशी खोटं बोलले. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. हवं तर आत्ता डॉक्टरांकडे जाऊ."

"डोळ्यात इंजेक्शनच्या सुया टोचून घ्यायला? नको गं बाई." सासूबाई हसल्या. "इतके दिवस ठसठशीत होतं, आणि मशीन निघाल्यावर बरं हिरवं झालं?"

"हिरवीच तर आहे वेल," क्लासवाली म्हणाली.

"यांनाही पढवून ठेवलंस होय!"

सुनेला रडू फुटलं. "आई, शप्पथ सांगते…"

"पुरे." सासूबाईंनी तिचे डोळे आपल्या पदराने पुसले आणि मशीन न्यायची खूण केली. "मला वाईट वाटू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतेस, कळतं मला. अशी सून असल्यावर माझे डोळे गेले तरी काय बिघडलं?"