तांडेलाच्या पडवीतली कप्पी

मी कप्पी. घिवलीला होडी हाकणाऱ्या देवू तांडेलाच्या पडवीत तुळईला टांगलेली आहे. बोलायची मला सवय नाही, करकरायची आहे. पण कणा झिजलाय, दमले आहे. एकदा सांगून टाकते.

मला बुधा सुताराने घडवलं. अंग सागाचं, चाक बाभळीचं, मधोमध लोखंडी कणा. तीन दिवस मुशी माशाच्या तेलात बुडवून ठेवलं आणि देवूच्या हातात देताना तो म्हणाला, "फिरती ठेव हिला. उबी राहिली की धरेल."

पंधरा वर्षं मी देवूच्या होडीवर डोलकाठीच्या टोकाला होते. खाली चार गडी दोर ओढत आणि शीड माझ्यावरून वर चढे. वाऱ्यात अडले नाही, खाऱ्या पाण्यात अडले नाही. फुशारकी मारत नाही. काम होतं, केलं.

मग होडीला इंजिन बसलं. डोलकाठी उतरली, मीही उतरले. देवूने मला पडवीतल्या खुंटीला अडकवलं आणि म्हणाला, "बगू पुढं." पुढे कोणी बघितलं नाही. शेजारी फाटकी जाळी आणि काच नसलेला कंदील. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावर सुरुंग उडत, भिंत हाले, धूळ माझ्या चाकावर बसे. तीन वर्षांत मी धरले, चाक फिरेना. बुधा खोटं बोलला नव्हता.

त्याच पडवीत नर्मदाचा खांदा धरला.

नर्मदा देवूची बायको. लग्न होऊन आली त्या दिवसापासून मासळीची पाटी तिने स्वतः उचलून डोक्यावर घेतली. बाकीच्या बायका एकमेकींच्या पाटीला हात लावतात. नर्मदाने कधी कोणाला लावू दिला नाही. बोईसरच्या बाजारात पिंपळाखाली तिची जागा होती. कामावर आलेली घाटावरची माणसं, हिंदी बोलणारे मजूर, सगळे तिला "मौसी" म्हणून हाक मारत. त्या बाजारात बायकांचा एक नेम होता. नारळी पुनवेनंतरची पहिली मासळी घेऊन जी जिथे बसेल, ती जागा वर्षभर तिची.

सदुसष्ट सालच्या शिमग्यात नर्मदा मासळी सुकवायच्या खळ्यावर घसरली आणि उजव्या खांद्यावर पडली. हाड मोडलं नाही. पण देवूने तिचा हात लुगड्याच्या फडक्याने छातीशी आवळून बांधला. चिरलेलं वल्हं दोरीने आवळतात, तसा.

"हलवायचा नाय," तो म्हणाला.

दोन महिने हलवला नाही. फडकं सोडलं तेव्हा हात खांद्याच्याही वर जाईना. तिला अंबाडा घालता येईना. सून नलू केस बांधून द्यायची. पहिल्या दिवशी केस बांधून झाल्यावरही नर्मदा पाठ करून तशीच बसून राहिली.

बाजार नलू करू लागली. पोर वाईट नव्हती, तोंडाची तिखट होती. एकदा म्हणाली, "आये, तुमी आता खळ्यावर बसा. कावळ्यांपासून बोंबील राका. पुनवेला मीच बसते पिंपळाखाली."

दुसऱ्या दिवशी नर्मदा देवूला म्हणाली, "मला पालघरला न्या."

पालघरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मंदाबाई होती. घाटावरची, कडक. तिने हात हळूहळू वर नेऊन पाहिला आणि देवूला विचारलं, "दोन महिने बांधून ठेवला? मग सांधा धरणारच. आता रोज हलवायला हवा. घरात कुठे कप्पी टांगता येईल?"

घरी आल्यावर देवू हसत होता. म्हणाला, "बाई मला कप्पी विचारते." त्याने मला खुंटीवरून काढलं. तेल पाजलं, ठोकलं, फिरवलं. मी रडतरडत फिरले. मग तुळईला टांगलं आणि होडीचा दोर ओवला.

इथे त्याने चूक केली. तांडेलच करील अशी चूक. दोराचं एक टोक नर्मदाच्या दुखऱ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. पाय रोवले, "हैया" म्हणाला आणि शीड चढवतो तसं एका दमात ओढलं.

मी फिरले. मला फिरण्यापलीकडे काय येतं? नर्मदा खाली बसली. आठ दिवस तिला कुशीवर वळता आलं नाही. इतकी वर्षं काम केलं, पण त्या दिवसासारखी लाज मला कधी वाटली नाही.

ठरल्या दिवशी नर्मदा दवाखान्यात गेली नाही, म्हणून मंदाबाई एस.टी.ने घरी आली. खांदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"कोणी ओढलं?"

"मीच," देवू म्हणाला. "नीट ओढलं. शीड चढवतो तसं."

"तांडेल, हे शीड नाही. बायको आहे."

"ते मला ठावं हाय."

"मग दोराची दोन्ही टोकं तिच्या हातात द्या. चांगल्या हाताने खाली ओढायचं, दुखरा आपोआप वर जाईल. दुखायला लागलं की थांबायचं, दहा मोजायचे, हळू सोडायचं. कुठे थांबायचं ते दुसऱ्याला कळत नाही."

कोपऱ्यातून नर्मदा म्हणाली, "पस्तीस वर्सांत यांना पयल्यांदा कोनीतरी बोललं."

देवू उठून बाहेर गेला. पण जाताना होडीचा जाड दोर काढून बारीक सुती दोरी ओवून गेला.

मग सुरू झालं ते पावसाळाभर चाललं. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याच्या फडक्याने शेक, मग वीस वेळा माझ्यावरून दोरी. नंतर भिंतीशी उभं राहून बोटं किड्यासारखी वर चालवायची. बोटं जिथे थांबत तिथे मंदाबाईच्या सांगण्यावरून कोळशाची रेघ. सगळ्यात वर एक रेघ नर्मदाने नलूकडून मारून घेतली. "ही पाटीची," ती म्हणाली. डोक्यावर पाटी चढवताना हात तिथवर जावा लागतो.

रेघ आठवड्याला एक बोट वर सरके, कधी तेवढंही नाही. दमटपणाने मी फुगले, करकरू लागले. शीड चढवणं सोपं होतं. एकदा चढलं की चढलं. हा हात रोज चढायचा आणि रोज उतरायचा.

पुनवेच्या आदल्या दिवशी पाटीच्या रेघेला चार बोटं कमी होती. नर्मदाने दोरी धरली, ओढली, दुखेपर्यंत आणली. आणखी ओढायला तिचा डावा हात घट्ट झाला, ते मला दोरीतून कळलं. ओढला असता तर मी फिरले असते. तिने ओढलं नाही. दहा मोजले. सोडलं.

पुनव झाली. पहिल्या मासळीची होडी लागली. नर्मदाने अंगणात पाटी भरली. डाव्या हाताने डोक्यावर चुंबळ ठेवली. नलू दाराशी उभी होती, तिची स्वतःची चुंबळही तिच्या हातात होती.

नर्मदाने पाटी उचलली. छातीपर्यंत आली. तिथून डावा हात वर गेला, उजवा थांबला. पाटी कलली. देवू पुढे झाला.

"तुमी लांब रावा," ती म्हणाली. मग मान न वळवता, "नलू, हात लाव."

नलूला खरं वाटलं नाही. "आये, मी?"

"उजवीकडनं. ओढू नको, नुसता लाव. सांगेन तितं थांब."

पाटी वर गेली. नर्मदाने ती डोक्यावर सावरली. फाटकापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "तुजी पाटी कुठं हाय? घे. पिंपळाखाली दोगी मावतात. जरा सरकून बसू."

त्याला दोन वर्षं झाली. हात आता अंबाड्यापर्यंत पोचतो, पाटीच्या रेघेपर्यंत नाही. ती चार बोटं राहिली ती राहिलीच. रोज सकाळी नलू हात लावते.

माझी दोरी विरत आलीय. चाक एका बाजूला कललंय. मला पुन्हा डोलकाठी नको. मागणं एवढंच आहे, परत खुंटीला अडकवू नका. येता-जाता एकदा फिरवा, हिसका न देता.

नर्मदा फिरवते. बाजाराहून आली की रिकामी पाटी ठेवते, दोरी एकदा खाली ओढते. मी करकरते.

"अजून हायस?" ती विचारते.

आहे.